छायाचित्र सोबत आहे म्हणून मजकूर खरा ठरत नाही
‘फोटो आहे, मग खोटे कसे?’ हा समज मुंबईत दर पावसाळ्यात दिसतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या वेळचे अस्सल छायाचित्रही आजचे म्हणून पाठवले, तर सोबतचा मजकूर खोटाच असतो. त्याहून गंभीर बाब २०१२ साली मानसशास्त्रज्ञ एरिन न्यूमन आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांत दिसली: प्रसिद्ध व्यक्ती हयात असल्याचे विधान असो वा निधन झाल्याचे, शेजारी तिचे कोणताही पुरावा न देणारे छायाचित्र असले, की लोकांना ते विधान अधिक खरे वाटले. चित्रामुळे कल्पना सहज डोळ्यांपुढे येते आणि मन त्या सहजतेलाच सत्य समजते. म्हणून छायाचित्राची तारीख आणि ठिकाण कृपया आधी तपासावे.