बहिरं न होता ओरडायचं कसं?

गेल्या महिन्यात आमच्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या क्लबच्या बैठकीला ठाण्याच्या नौपाड्यातला एक कॉलेजचा मुलगा आला. ऑनलाइन मागवलेली वॉकीटॉकीची जोडी टेबलावर ठेवून म्हणाला, "काका, खोक्यावर ५० किलोमीटर लिहिलंय, आणि तीनहात नाक्यापुढे आवाज जात नाही. पीस खराब आहे का?"

पीस उत्तम होता. खोटं बोलत होतं ते खोकं. त्याला आधी बटणावरचा अंगठा काढायला लावला, कारण परवान्याशिवाय त्या फ्रिक्वेन्सीवर बोलणं बेकायदा आहे. परवान्याचा विचार न करता असे संच सर्रास विकले जातात, म्हणून २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रेत्यांना नोटिसाही काढल्या होत्या. हौशी रेडिओची परीक्षा बाराव्या वर्षापासून देता येते. ती दे, कॉलसाइन, म्हणजे हवेतलं तुझं नाव, घे, मग हवं तितकं बोल, असं त्याला सांगितलं आणि कागद पुढे ओढला.

आम्ही रोज वापरतो त्या १४५ मेगाहर्ट्झच्या लहरी जवळजवळ प्रकाशासारख्या सरळ रेषेत जातात. पृथ्वी गोल असल्यामुळे त्यांनाही क्षितिज आहे. अँटेनाच्या मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढून ४.१ ने गुणलं की क्षितिजाचं अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. हातातला संच दीड मीटर उंचीवर, म्हणजे ५ किलोमीटर. समोरच्याचेही ५. झाले १०, तेही सपाट माळरानावर. ठाण्यातल्या टॉवरांच्या गर्दीत दोन मिळाले तरी नशीब. ऐरोली आणि डोंबिवलीच्या मध्ये तर अख्खा पारसिकचा डोंगर आडवा पडलाय. पण १०० मीटर उंचीच्या इमारतीवर अँटेना लावली की एकट्या तिचं क्षितिज ४१ किलोमीटरवर जातं. आमचा रिपीटर म्हणूनच घोडबंदर रोडवरच्या एका इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी पत्र्याच्या खोलीत बसलाय. खालून आलेला क्षीण आवाज तो ऐकतो आणि त्याच क्षणी मोठ्याने पुन्हा सांगतो.

"त्याच क्षणी" हे दोन शब्द लिहायला सोपे आहेत. माझा जीव अडकलाय तो नेमका त्यांच्यात.

समजा, तो १४५.०० वर ऐकतो आणि १४५.६० वर बोलतो. अँटेना एकच. बोलताना २५ वॉट बाहेर टाकतो. ऐकताना मात्र अँटेनावर आलेला ०.२ मायक्रोव्होल्टचा सिग्नल त्याला पकडायचा असतो. ५० ओहमच्या हिशोबाने हे होतात एका वॉटच्या एक हजार लाख कोटीव्या भागाहूनही कमी. दोन्हींचं गुणोत्तर तीनवर सोळा शून्यं, आमच्या भाषेत १६५ डेसिबल. कानाशी ढोलताशा पथक वाजत असताना खाडीपलीकडून कुणी कुजबुजलं तर ते ऐकायचं, असं काहीसं. शिवाय ढोल आपणच वाजवत असतो.

बरं, दोन फ्रिक्वेन्सींमध्ये फरक तरी किती? ६०० किलोहर्ट्झ, म्हणजे ०.४ टक्के. पेटीवर पांढरी एक आणि काळी एक यांच्या कंपनसंख्येत जवळजवळ ६ टक्के फरक असतो. त्याच्या चौदाव्या हिश्श्याइतक्या फरकावर दोन सूर वेगळे करायचे आहेत.

हे काम कॅव्हिटी करते. कॅव्हिटी म्हणजे धातूचा बंद डबा, आत मधोमध पाव तरंगलांबीचा दांडा. १४५ मेगाहर्ट्झची तरंगलांबी दोन मीटरच्या आसपास, म्हणून दांडा अर्ध्या मीटरचा. बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की ती ठरावीक सुरातच घुमते, तसा हा डबा ठरावीक फ्रिक्वेन्सीलाच घुमतो. आमच्याकडे असे सहा डबे आहेत. तीन ऐकण्याच्या वाटेवर बसून रिपीटरचा स्वतःचा आवाज अडवतात. ट्रान्समीटरच्या वाटेवर उरलेले तीन कशाला, हे मला समजायला दोन वर्षं लागली. कोणताही ट्रान्समीटर फक्त १४५.६० वर बोलत नाही; आजूबाजूला थोडी खरखरही सांडतो. ती १४५.०० वर येऊन पडली, तर रिसीव्हरला ती गाळता येत नाही, कारण तीच तर त्याची ऐकण्याची जागा. म्हणून ती निघते तिथेच मारावी लागते. दोन्ही वाटांवर प्रत्येकी ८० ते ९० डेसिबलची अडवणूक हवी. बाकीचं रिसीव्हरची स्वतःची निवडक्षमता सांभाळते.

आमचे डबे घरगुती. तांब्याचा पाइप, आत पितळी दांडा. जानेवारीतल्या एका पहाटे ट्यून केले, सुरेख चालले. मे उजाडला आणि रिपीटर रोज दुपारी बहिरा व्हायला लागला. डोंबिवलीचे लोक ओरडून थकले. नजर लागली, असं निदान झालं आणि आमच्याच एका सभासदाने, जो शिक्षणाने इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे, खोलीच्या दाराला लिंबू-मिरची बांधली. बांधली संध्याकाळी सहाला. साडेसातला रिपीटर ठणठणीत! दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा बहिरा, तर म्हणे लिंबू वाळलं.

आम्ही खोलीत थर्मामीटर टांगला. दुपारी दोनला ५२ अंश. ट्यून केलं तेव्हा होते २२. पितळ दर अंशाला दहा लाखात १९ भाग लांबतं. ३० अंशांना ५७० भाग. दांडा लांबला की सूर उतरतो. १४५ मेगाहर्ट्झच्या दहा लाखात ५७० भाग म्हणजे ८० किलोहर्ट्झच्या वर. अडवणुकीची खाच, म्हणजे डबा अडवतो तो फ्रिक्वेन्सीचा पट्टा, इतकी अरुंद असते की तेवढं सरकणं पुरेसं आहे: दारवान दार सोडून शेजारच्या भिंतीशी जाऊन उभा राहतो. संध्याकाळी पत्रा निवला की स्वारी परत दारात. श्रेय लिंबाला.

उपाय इन्व्हार. लोखंडात ३६ टक्के निकेल घातलं की हा मिश्रधातू होतो, आणि तो पितळेच्या पंधराव्या हिश्श्याइतकाही प्रसरण पावत नाही. शार्ल गियोम यांना १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच कामासाठी. दांड्याची लांबी धरून ठेवणारी सळई इन्व्हारची केली. त्या खर्चावरून वार्षिक सभेत झालेलं भांडण इथे नको.

एवढ्या कष्टाने उभा केलेला कान, पण तो एकच आहे, आणि दोन जिल्ह्यांतले हॅम तो वाटून घेतात. रिपीटरवरचे शिष्टाचार शिकवताना नव्या मुलांना वाटतं, ही म्हाताऱ्यांची शिस्त. पण आम्ही बोलतो त्या एफएम पद्धतीचा एक गुण बघा. एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन सिग्नल आले की जोरकस असतो तोच ऐकू येतो, दुसरा जवळजवळ पुसला जातो. साधारण सारखेच असतील तर नुसती किंचाळी. ऐरोलीवाला आणि डोंबिवलीवाला एकमेकांना थेट ऐकू शकत नाहीत, त्यामुळे दोघंही एकदम बटण दाबतात आणि दाबलंय हे दोघांनाही कळत नाही. बटण दाबलेलं असताना आपला संच बहिरा असतो. सहा डब्यांची चैन फक्त रिपीटरला.

म्हणून समोरच्याचं बोलणं संपलं की रिपीटरची बीप ऐकायची, मनात दोन अंक मोजायचे आणि मग बोलायचं. त्या फटीत कुणी नुसतं "ब्रेक" म्हणून आपला कॉलसाइन सांगू शकतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मोबाइल कसे गप्प झाले होते हे इकडे कुणाला सांगायला नको. तशा दिवशी अडकलेल्या माणसाला ही दोन सेकंदांची फट सोडून आत शिरायला दुसरी वाट नाही. रिपीटर चालू आहे का हे बघायला कॉलसाइन न सांगता नुसतं बटण दाबून सोडणारे महाभाग असतात, त्यांच्याबद्दल रविवारच्या नेटवर, म्हणजे आमच्या हवेतल्या सभेत, काय बोललं जातं ते छापण्यासारखं नाही.

आणि तीन मिनिटांचा टायमर. सलग तीन मिनिटं कुणी बोललं की रिपीटर आपला आवाज बंद करतो, ट्रान्समीटर तापू नये म्हणून आणि कुणाचं बटण सोफ्याच्या फटीत दाबलं गेलं असेल तर म्हणून. गेल्या रविवारी आमचे एक ज्येष्ठ सभासद कोकणच्या सहलीचं वर्णन करत होते. सात मिनिटांनी त्यांनी बटण सोडलं आणि विचारलं, "कसं वाटलं? ओव्हर."

बीप झाली. दोन सेकंदं गेली. मग नेट कंट्रोलवरची, म्हणजे सभा चालवणारी मुलगी म्हणाली, "काका, तुम्ही वडखळ नाक्याला मिसळ मागवलीत तिथपर्यंत आलं. पुढचं परत सांगा."