गांजा आणि ‘स्पाइस’: नशा सारखी वाटते, रसायन वेगळं

शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी कपाशी-तुरीच्या आड लावलेला गांजा पोलिसांनी उपटला, ही बातमी खान्देशात कुणाला नवी नाही. म्हणूनच ‘स्पाइस’ किंवा ‘के-टू’ या नावांनी विकल्या जाणाऱ्या कृत्रिम नशेच्या पाकिटाचा विषय निघाला की जळगाव-धुळ्याकडची पोरं सहज म्हणून जातात, “गांजाच शे ना भो, काय व्हस!” हा समज जिवावर बेतू शकतो.

गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. त्यातली नशा टीएचसी या झाडातल्याच रसायनाची. ‘स्पाइस’मधलं जेडब्ल्यूएच-०१८ हे कृत्रिम रसायन मात्र कुठल्याच झाडात नसतं. अमेरिकेतल्या क्लेमसन विद्यापीठात जॉन डब्ल्यू. हफमन यांच्या प्रयोगशाळेत ते १९९०च्या दशकात संशोधनासाठी तयार झालं. नावातली अक्षरं त्यांचीच. २००८च्या अखेरीस जर्मनीत ते ‘स्पाइस’च्या पाकिटांत सापडलं. त्याची रचना टीएचसीसारखी नाही, पण मेंदूतल्या सीबी-१ या ग्राहीवर, म्हणजे रसायन बसलं की परिणाम सुरू करणाऱ्या पेशीवरच्या जागेवर, दोन्ही जाऊन बसतात. सगळा घोळ इथेच होतो.

टीएचसी या ग्राहीला अर्धवटच चालना देतं. ठिबकचा व्हॉल्व्ह निम्म्यावर अडावा तसं: मात्रा वाढवली तरी एका मर्यादेपुढे परिणाम चढत नाही. जेडब्ल्यूएच-०१८ तोच व्हॉल्व्ह पूर्ण उघडतं. शिवाय ते ग्राहीला टीएचसीपेक्षा चार-पाच पट घट्ट धरतं, आणि यकृतात त्याचं विघटन झाल्यावर तयार होणारे काही पदार्थही सीबी-१ला चालना देत राहतात. गांजाही निर्धोक नाही, कोवळ्या वयात तर मुळीच नाही. पण झटके, बेशुद्धी, अनावर उलट्या, छातीत प्रचंड धडधड हे प्रकार या कृत्रिम रसायनांत फार जास्त दिसतात.

पाकिटात दिसतो तो निव्वळ वाळलेला पाला. त्यावर रसायन फवारलेलं असतं, तेही सगळीकडे सारखं नाही. एका चिमटीत जेमतेम काही लागतं, त्याच पाकिटातल्या दुसऱ्या चिमटीत कैकपट. त्यामुळे “काल घेतलं, काही झालं नाही” याला काडीचाही अर्थ नाही. आत नेमकं जेडब्ल्यूएच-०१८च आहे याचीही खात्री नसते. २०१५ मध्ये ते संयुक्त राष्ट्रांच्या नियंत्रित यादीत गेलं, तोवर बाजारात त्याचे कितीतरी भाऊबंद आले होते.

घरच्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. गांजासाठीची नेहमीची लघवीची पट्टी टीएचसीचे अंश शोधते. ही रसायनं तिला सापडत नाहीत. पट्टी निगेटिव्ह आली म्हणून पोराने काही घेतलंच नाही असं धरून बसू नका. या रसायनांवर खास उतारा नाही. झटके थांबवणं, सलाइन, श्वासावर आणि हृदयावर लक्ष असेच उपचार होतात. म्हणून दवाखान्यात जाताना उरलेलं पाकीट सोबत न्या आणि काय, किती, कधी घेतलं ते डॉक्टरांना न लपवता सांगा.