धातूचं पाकीट आधी कुठे हरतं?

बँकेचं कार्ड जगात कुठेही ८५.६० मिमी लांब, ५३.९८ मिमी रुंद आणि ०.७६ मिमी जाड. धातूचं पाकीट म्हणजे साधारण याच मापाचे दोन पत्रे, मध्ये कार्डं आणि सगळं आवळून धरणारं इलॅस्टिक. बारा कार्डांची चळत ९ मिमीच्या आसपास भरते; उठावाचे आकडे असतील तर जरा जास्त.

८६ × ५४ × १.५ मिमीचे दोन पत्रे अॅल्युमिनियमचे असले तर वजन ३८ ग्रॅम, टायटॅनियमचे ६२, स्टेनलेस स्टीलचे १११. मग स्टील पातळ घ्यावं? पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे दीड मिलिमीटरचं अॅल्युमिनियम एक मिलिमीटरच्या स्टीलहून ताठ भरतं, तेही निम्म्या वजनात. मात्र ते ६०६१-टी६ जातीचं हवं. मऊ पत्रा मागच्या खिशात एकदा बाकला की बाकलाच.

रंग उडतो तो कडांवर. अॅनोडायझिंगचा, म्हणजे विजेच्या साहाय्याने अॅल्युमिनियमवर चढवलेल्या ऑक्साइडचा, थर पृष्ठभागाला काटकोनात वाढतो, म्हणून धारदार कडेशी दोन्हीकडचे थर फाकतात आणि मध्ये फट राहते. बर, म्हणजे कापल्यावर राहिलेली खरखरीत धार, काढून कडेला अर्धा मिलिमीटर गोलाई दिली की हे टळतं.

खरं दुखणं इलॅस्टिकचं. सतत ताणलेलं रबर हळूहळू लांबतं. घाम आणि उन्हात तापलेली गाडी त्याला आणखी सैल करतात. बारा कार्डं कोंबून काही महिने वापरलं आणि मग पाचवर आलात, तर पाकीट उलटं करताच कार्डं घसरतात. पट्टा बदलता येत नसेल तर ते पाकीट घेऊच नये.

दुसरी कटकट स्क्रूंची. एम२ (दोन मिलिमीटर व्यासाच्या) स्क्रूची पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, ०.४ मिमी; त्यामुळे दीड मिलिमीटरच्या पत्र्यात चार आटेही पुरे बसत नाहीत. जोर लावला की ते जातात. बोटांनी बेताचं आवळावं आणि मध्यम ताकदीच्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा) एक थेंब सोडावा.

नोटांचं गणित गमतीचं आहे. पाचशेची नोट १५० × ६६ मिमी. मधोमध दुमडली तर ७५ × ६६, म्हणजे ५४ मिमीच्या बाहेर डोकावते. तीन समान भागांत दुमडली की ५० × ६६, अगदी चपखल.

मेट्रोचं कार्ड मात्र बाहेर काढूनच टेकवावं लागतं. कार्ड वाचणाऱ्या यंत्राचं १३.५६ मेगाहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र पत्र्यात भोवरी प्रवाह (गोल फिरणारे विद्युत प्रवाह) निर्माण करतं आणि तेच प्रवाह त्या क्षेत्राला आत शिरू देत नाहीत.