सुपरक्रॉस ट्रॅक

स्टेडियममध्ये किंवा मोकळ्या मैदानात बाहेरून माती आणून, तिचे उंचवटे, खळगे व वळणे रचून केलेला मोटारसायकल शर्यतीचा मार्ग. मोटोक्रॉसचा, म्हणजे रानावनातील मोटारसायकल शर्यतीचा, मार्ग मूळच्या चढउतारांवर आखतात. येथे अडथळे माणसाने रचलेले असतात आणि स्टेडियममधले शर्यत उरकली की मातीसकट उचलले जातात.

उगमाविषयी एकमत नाही. रानावनातील मोटारसायकल शर्यतींचा आरंभ सामान्यतः इंग्लंडमधील कॅम्बरली येथे १९२४ मध्ये झाला असे मानतात. त्या स्टेडियममध्ये केव्हा शिरल्या, हा वादाचा मुद्दा. पॅरिसलगत मोंरूज येथील सायकल शर्यतींच्या मैदानात १९४८ मध्ये झालेल्या शर्यतीकडे काही अभ्यासक बोट दाखवतात. अमेरिकी लेखक लॉस अँजेल्सच्या कोलिझियममधील ८ जुलै १९७२ ची शर्यत प्रमाण धरतात (विजेता सोळा वर्षांचा मार्टी ट्राइप्स). मोंरूजची शर्यत आधीची, हे खरे. परंतु १९७४ पासून अमेरिकेत नियमित चाललेल्या मालिकेचा धागा लॉस अँजेल्सशीच जुळतो. त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

प्रारंभीचे लोखंडी गेट स्वारांच्या बाजूला पडते. घाई करणाऱ्याचे चाक त्यातच अडकते. फेरी साधारण एका मिनिटाच्या आतबाहेरची. स्वाराचा खरा कस लागतो तो ‘हूप्स’मध्ये, म्हणजे लागोपाठच्या गोलसर उंचवट्यांच्या रांगेत. वेग राखला तर चाके माथ्यामाथ्यावरून निघून जातात; वेग तुटला की पुढचे चाक खळग्यात बसते आणि गाडी उधळते. तिहेरी उडीत तिन्ही उंचवटे एका झेपेत घ्यायचे की तोडून, हे त्या क्षणी ठरवावे लागते. मातीतला ओलावा निर्णायक असतो, म्हणून शर्यतींच्या मध्ये पाणी मारतात. काळी माती भिजली की चाकांना लडबडते आणि वाळली की भेगाळते, हे पुणेकरांना वेगळे सांगायला नको.

इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी २८ जानेवारी २०२४ रोजी पुण्यात, बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात झाली. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेल्या या संकुलात परदेशी व भारतीय स्वार एकाच ट्रॅकवर उतरले. ग्रेटर नोएडाच्या पाच किमी.हून लांब बुद्ध सर्किटवर प्रेक्षकाच्या वाट्याला एखाददुसरे वळण येते. येथे गॅलरीतून गेटपासून शेवटच्या उडीपर्यंत सगळी शर्यत दिसते. राष्ट्रीय सुपरक्रॉस स्पर्धेच्या फेऱ्या पुण्यात त्यापूर्वीही झाल्या आहेत.