डार्क शटर लावलं की खोली थंड राहते? नाही हो!

"पश्चिमेच्या खिडकीला आतून वॉलनट कलरचं, म्हणजे गडद तपकिरी, आडव्या पट्ट्यांचं जाड शटर लावा, ऊन अडतं, एसी कमी लागतो", हे इंटिरियरवाले आणि शेजारीपाजारी सगळेच वर्षानुवर्षं सांगत आलेत. अर्धंच खरं आहे. उजेड अडतो, उष्णता फारशी नाही. ऊन काचेतून आत येऊन गडद पट्ट्यांवर पडतं, पट्ट्या तापतात आणि त्यांची उष्णता परत काचेतून बाहेर जायला मागत नाही, कारण काच उन्हाला सहज आत सोडते पण तापलेल्या वस्तूतून निघणारी इन्फ्रारेड उष्णता अडवते, मग ती बरीचशी खोलीतच फिरते. मे महिन्यात दुपारी चारला अशा पट्टीला हात लावून बघा ना!

पांढरी किंवा ऑफव्हाइट पट्टी बरंच ऊन उजेडाच्या रूपातच काचेतून परत पाठवते, म्हणून रंग निव्वळ स्टाइलचा प्रश्न नाहीये. वॉलनट दिसतं भारीच, पण ते उत्तरेच्या खिडकीला लावा की. आणि खरा फरक हवा असेल तर ऊन काचेच्या बाहेरच अडवायचं, बाहेरून बांबूची चिक, म्हणजे काड्यांचा पडदा, लावायची. गोव्यातल्या जुन्या घरांच्या लाकडी झडपांचं काम तेच.

पट्टी ६३ मिमीची की ८९ची हे मात्र खुशाल आवडीने ठरवा, रुंद पट्टीत बाहेरचं जास्त दिसतं एवढंच. फक्त मुंबई-कोकणात साधं एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) नको, पावसाळ्यात फुगतं.