कूपन एक्स्टेन्शन
कूपन एक्स्टेन्शन म्हणजे क्रोम, फायरफॉक्स, एज असल्या ब्राउझरमध्ये टाकायचं छोटं सॉफ्टवेअर. ऑनलाइन खरेदी करताना तुम्ही पैसे भरायच्या पानावर पोचलात की ते कूपन कोडची चौकट ओळखतं, आपल्याकडच्या यादीतले कोड एकामागून एक टाकून बघतं आणि ज्याने सगळ्यात जास्त पैसे सुटतात तो ठेवतं. ही यादी बरीचशी वापरणाऱ्यांकडूनच जमते, कुणी एखादा कोड टाकला आणि तो चालला की तो पुढच्या सगळ्यांना मिळू शकतो, त्यामुळे छोट्या दुकानदाराने मोजक्या गिऱ्हाइकांसाठी काढलेला कोडही कधी कधी जगभर फिरतो आणि नुकसान त्याच्या अंगावर येतं.

यातलं सगळ्यात गाजलेलं नाव हनी. २०१२ मध्ये रायन हडसन आणि जॉर्ज रुआन यांनी लॉस एंजेलिसला सुरू केलं, आणि २०१९ च्या शेवटी पेपाल या ऑनलाइन पैसे भरायच्या कंपनीने ते जवळजवळ ४ अब्ज डॉलरला घ्यायचं जाहीर केलं. फुकट मिळणाऱ्या एक्स्टेन्शनला एवढी किंमत का, तर कमिशन. तुम्ही कुणाच्या लिंकवरून दुकानात गेलात याची नोंद ब्राउझरमधल्या कुकीत, म्हणजे साइटने तिथे ठेवलेल्या छोट्या फाइलीत, राहते, विक्री झाली की त्या माणसाला टक्का मिळतो, पण बहुतेक ठिकाणी नियम असा की शेवटची लिंक ज्याची, पैसे त्याचे. एक्स्टेन्शन तर अगदी शेवटच्या पानावर जागं होतं! म्हणजे गिऱ्हाईक दुकानापर्यंत आणणारा दारातच राहतो आणि गल्ल्याशेजारी उभा असलेला दलाली घेऊन जातो.

डिसेंबर २०२४ मध्ये मेगालॅग नावाच्या यूट्यूबरने नेमका हाच आरोप हनीवर केला, की कूपन सापडलं नाही तरी नुसत्या एका क्लिकवर ते आपली कुकी बसवतं, शिवाय भागीदार दुकानांच्या सांगण्यावरून चांगले कोड लपवतं. हा दुसरा आरोप मला जास्त गंभीर वाटतो, कारण त्यात थेट खरेदी करणारा फसतो. आपण इंडस्ट्रीचे नियम पाळतो असं पेपालने सांगितलं, तरी अमेरिकेत अशा लिंका देऊन कमिशन कमावणाऱ्या अनेक क्रिएटर्सनी, म्हणजे व्हिडिओ वगैरे बनवणाऱ्यांनी, कोर्टात दावे लावले, आणि मार्च २०२५ मध्ये गूगलने क्रोमचे नियम बदलले. आता गिऱ्हाइकाला काही प्रत्यक्ष फायदा होत नसेल तर एक्स्टेन्शनला कमिशनची लिंक घुसवता येत नाही.

भारतात कूपनदुनिया, ग्रॅबऑन या साइट्स आधीपासून कोड देत आल्यात, कॅशकरो कमिशनमधला वाटा कॅशबॅक म्हणून परत देतं. बायहटके हे एक्स्टेन्शन मागच्या किमतीचा आलेखही दाखवतं आणि माझ्या मते तो कूपनपेक्षा जास्त कामाचा, सेलच्या आधी किंमत वाढवून मग उतरवली असेल तर लगेच कळतं. आपल्याकडे अ‍ॅमेझॉन-फ्लिपकार्टवर सूट बहुतेक बँकेच्या कार्डावर किंवा पानावरच टिक करायच्या कूपनवर मिळते आणि खूप जण मोबाइल अ‍ॅपवरूनच घेतात जिथे एक्स्टेन्शन चालतच नाही, म्हणून खरा उपयोग होतो तो कपडे, कॉस्मेटिक्स, होस्टिंग (वेबसाइटसाठी भाड्याची जागा) विकणाऱ्या ब्रँडच्या स्वतःच्या साइटवर.

टाकण्याआधी परवानगी मात्र नीट वाचा. बरीच एक्स्टेन्शन सगळ्या साइटवरचा डेटा वाचायची आणि बदलायची मुभा मागतात. क्रोममध्ये ती फक्त क्लिक केल्यावरच चालेल असं ठेवता येतं, आणि कुणा क्रिएटरच्या लिंकवरून काही घेत असाल तर तेवढ्यापुरतं एक्स्टेन्शन बंद ठेवलं की त्याचं कमिशन त्यालाच जातं.