इंधन पाइपलाइनची तपासणी आणि दुरुस्ती (गोवा)

पेट्रोल, डिझेल, नाफ्था (कच्च्या तेलातून निघणारा पेट्रोलसारखाच द्रव) नाहीतर गॅस नेणारा जमिनीखालचा पोलादी पाइप कुठे झिजलाय ते तो फुटायच्या आधी शोधून काढायचं आणि तिथे वेळेत दुरुस्ती करायची, एवढंच हे काम. गोव्यात हा विषय मुख्यतः मुरगाव तालुक्याचा, कारण बंदरात टँकर लागला की माल तिथून पाइपानेच वस्तीच्या बाजूबाजूने झुआरीनगरकडच्या टाक्यांत जातो. गॅसचं वेगळं, तो दाभोळ-बंगळूरु लाइनच्या गोकाकहून निघणाऱ्या फाट्याने येतो (दाभोळ म्हणजे रत्नागिरीचं, आपलं दाबोळी नव्हे).

पाइपाचा खरा शत्रू गंज. त्यासाठी बाहेरून कोटिंग असतं आणि वर बारीकसा डीसी करंट सोडलेला असतो, मातीच्या तुलनेत पाइप साधारण उणे ०.८५ व्होल्टवर किंवा त्याखाली राहिला तर गंज जवळपास थांबतो. रस्त्याकडेला मार्किंगचे जे खांब दिसतात त्यातल्या काहींवर हेच रीडिंग घेतात. आतून तपासायला 'पिग' सोडतात, म्हणजे पाइपातून तेलाच्या जोरावर सरकत जाणारं यंत्र (इंग्रजीत पिग म्हणजे डुक्करच, नाव तसंच पडलंय). आधी साफसफाईचा पिग, मग लोहचुंबकवाला 'इंटेलिजंट' पिग, जो भिंत कुठे किती पातळ झाली ते नोंदवत तेलाबरोबर पुढे जातो. पण जुन्या लाइनला तीव्र वळणं असली की पिग अडकतो, मग जमिनीवरून केलेला सर्व्हे, प्रेशर टेस्ट आणि रोज लाइनवरून चालणारा माणूस यांच्यावरच भिस्त.

आणि गोव्यात गोची जांभ्याची आहे. जांभा दगड भोकाभोकांचा, त्यातून पेट्रोल पावसाच्या पाण्याबरोबर उताराने कुठेही जातं, त्यामुळे वास येतो एका ठिकाणी आणि छिद्र असतं भलतीकडेच. २०२३ साली माटवे-दाबोळीत विहिरींच्या पाण्याला पेट्रोलचा वास यायला लागला तेव्हा लोकांना हेच बघायला मिळालं. छोटी गळती कंट्रोल रूमच्या हिशोबात (इकडून किती सोडलं, तिकडे किती पोचलं) पटकन दिसतही नाही, विहिरीवर पाणी भरणाऱ्या बाईला आधी कळते.

गळती सापडली की पंपिंग बंद, व्हॉल्व बंद, आणि पाइपाजवळचं खोदकाम हाताने, जेसीबी लांबच. हवेत पेट्रोलची वाफ दीड टक्क्याच्या आसपास असली तरी ठिणगी पुरते, म्हणून हवेतली वाफ मोजणारा गॅस मीटर सतत चालू ठेवावा लागतो. नुसता बाहेरून गंज असेल तर फायबरची पट्टी गुंडाळून भागतं, छिद्र असेल तर क्लॅम्प लावतात किंवा पोलादी स्लीव्ह (पाइपाभोवती बसणारं नळकांडं) वेल्ड करतात, फारच खराब असेल तर तेवढा तुकडाच कापून नवा घालायचा, जोडाचा एक्स-रे काढायचा, कोटिंग परत करायचं.

पेट्रोलियम पाइपलाइनसाठीच्या १९६२ च्या कायद्याखाली लाइनसाठी जमिनीच्या पट्ट्यावर वापराचा हक्क घेतला असेल तर जमीन मालकाचीच राहते, पण त्या पट्ट्यात घर बांधता येत नाही, विहीर खणता येत नाही, माडही लावता येत नाही. घर बांधून झाल्यावर हे कळणारेच जास्त.

पाइप नीट झाला तरी माती नीट होत नाही. विहिरीतला तवंग उपसून काढला तरी पुढच्या पावसात पाणी वर चढतं आणि दगडात अडकलेलं पेट्रोल परत वर येऊ शकतं, म्हणून दुरुस्तीनंतरही कितीतरी महिने पाण्याचे नमुने घेत राहावे लागतात.